तालुक्यात प्रक्रिया उद्योग उभारणी व विस्तार : शासकीय प्रोत्साहने समजून घ्या

शेतमालाचा भाव काढणीच्या हंगामात पडतो. त्याच मालावर गावाजवळ प्रक्रिया झाली तर वाहतूक वाचते, नासाडी कमी होते आणि रोजगार गावात राहतो. म्हणूनच उद्योगांनी ग्रामीण व मागास तालुक्यांत यावे, असलेल्या उद्योगांनी तेथेच विस्तार करावा, यासाठी केंद्र व राज्य शासन आर्थिक प्रोत्साहन देते. मात्र अनुदान कधी मिळते, कोणत्या खर्चावर मिळते आणि कोणत्या अटीवर टिकते हे न समजता उभारलेले युनिट कर्जात अडकू शकते. या लेखात प्रमुख योजना आणि त्यांच्या पैशाचा क्रम दिला आहे.

१. सामूहिक प्रोत्साहन योजना (महाराष्ट्र शासन)

मुंबई–ठाणे–पुणे पट्ट्यातील उद्योगांची गर्दी कमी होऊन ते राज्यभर पसरावेत, यासाठी ही योजना १९६४ पासून टप्प्याटप्प्याने सुधारित स्वरूपात राबवली जाते. तालुक्यांचे औद्योगिक विकासानुसार अ, ब, क, ड, ड+ असे गट केलेले असून विनाउद्योग जिल्हे व नक्षलग्रस्त भाग वेगळे धरले जातात. विकसित भागात सवलत कमी, मागास भागात जास्त, हे तिचे सूत्र आहे. मराठवाडा व विदर्भातील बरेच तालुके ड किंवा ड+ गटात येतात. त्यामुळे एकच प्रकल्प शेजारच्या तालुक्यात नेला तर सवलत बदलू शकते. जागा पक्की करण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात तालुक्याचा गट तपासावा.

पात्र उद्योगाला मिळणाऱ्या सवलती साधारण अशा असतात :
- राज्य वस्तू व सेवा कराशी (एसजीएसटी) जोडलेले औद्योगिक प्रोत्साहन अनुदान
- कर्जावरील व्याज अनुदान
- वीजदर अनुदान व विद्युत शुल्क माफी
- मुद्रांक शुल्क माफी

करावर आधारित अनुदान विक्रीनुसार ठरते. ज्या मालावर करच नाही, त्यावर या सवलतीचा लाभ होत नाही. परराज्यात विकलेल्या मालावर एसजीएसटी लागत नसल्याने तो मालही हिशेबात येत नाही. सवलत घेणाऱ्या उद्योगाने ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, अशी राज्याची अट आहे. गावातील तरुणांनी व ग्रामपंचायतीने ही अट लक्षात ठेवावी.

२. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजना (पीएमएफएमई)

जून २०२० मध्ये सुरू झालेली ही योजना लहान युनिटसाठी आहे. नवीन युनिट आणि चालू युनिटचा विस्तार, दोन्हींसाठी ती लागू आहे.
- वैयक्तिक युनिट : पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल ₹१० लाख अनुदान. स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के, उरलेले बँक कर्ज.
- बचत गट : खेळते भांडवल व लहान अवजारांसाठी प्रति सदस्य ₹४०,००० बीज भांडवल.
- शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था, गट : सामाईक सुविधांसाठी ३५ टक्के, कमाल ₹३ कोटी.
- ब्रँडिंग व विपणन : गटांना खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत साहाय्य.

'एक जिल्हा एक उत्पादन' हा योजनेचा पाया आहे. उदाहरणार्थ, हिंगोली – हळद, जळगाव – केळी, कोल्हापूर – गूळ. अर्ज ऑनलाइन असून जिल्हा संसाधन व्यक्ती प्रकल्प अहवाल व बँकेच्या कामात मदत करते. तिचे मानधन शासन देते. शेतकऱ्याने त्यासाठी पैसे देऊ नयेत.

३. कृषी पायाभूत सुविधा निधी (एआयएफ)

२०२० मध्ये ₹१ लाख कोटींचा हा निधी जाहीर झाला. गोदाम, शीतगृह, प्रतवारी केंद्र, प्राथमिक प्रक्रिया अशा कामांच्या कर्जावर ₹२ कोटींपर्यंत ३ टक्के व्याज सवलत कमाल ७ वर्षे मिळते. ₹२ कोटींपर्यंतच्या कर्जाला पतहमीचीही सोय आहे. हे भांडवली अनुदान नाही, व्याजातील सूट आहे. पात्र प्रकल्पाला पीएमएफएमईसोबत तिचा लाभ घेता येतो.

४. पैशाचा हिशेब : एक उदाहरण

हळद वाळवणे, पॉलिश करणे व दळण्याचे ₹२० लाखांचे युनिट धरू.
- स्वतःचा हिस्सा (१० टक्के) : ₹२ लाख
- बँक कर्ज : ₹१८ लाख
- पीएमएफएमई अनुदान (३५ टक्के) : ₹७ लाख
- एआयएफ व्याज सवलत : पूर्ण ₹१८ लाखांवर धरली तरी पहिल्या वर्षी कमाल ₹५४,०००

येथे ₹७ लाख हातात येत नाहीत. ते बँकेत वेगळ्या खात्यात जमा राहतात. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून ३ वर्षे खाते नियमित आणि युनिट चालू असेल, तर ती रक्कम कर्जखात्यात वळती होते. म्हणजेच इमारत व यंत्रे उभी करताना अनुदान भांडवल म्हणून धरता येत नाही. हळद खरेदीसाठी लागणारे खेळते भांडवल वेगळे ठेवावे लागते. हंगामात कच्चा माल घ्यायला पैसे नसतील तर यंत्र वर्षभर बंद राहते आणि हप्ता मात्र चालू राहतो.

५. विस्तार किंवा स्थलांतर करताना

- मंजुरीपूर्वी यंत्र खरेदी करू नये. आधी झालेला खर्च अनुदानातून वगळला जाऊ शकतो.
- जुन्या जागेवरून आणलेली वापरलेली यंत्रे सहसा नवीन गुंतवणूक म्हणून धरली जात नाहीत. फक्त जागा बदलण्यात अनुदानाचा फायदा कमी असतो. नवीन यंत्रे व वाढीव क्षमता लागते.
- एकाच खर्चावर दोन योजनांचे भांडवली अनुदान घेता येईल असे गृहीत धरू नये.
- जमिनीचा औद्योगिक वापर, थ्री फेज वीज, पाणी व सांडपाणी यांची सोय आधी तपासावी.
- उद्यम नोंदणी मोफत आहे. अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे.

६. बाहेरची कंपनी तालुक्यात येत असेल तर

प्रोत्साहनाच्या अटी मुख्यतः गुंतवणूक, उत्पादन व रोजगाराशी जोडलेल्या असतात. कारखाना आला म्हणून तो स्थानिक शेतकऱ्यांचाच माल घेईल, ही हमी त्यातून मिळत नाही. केवळ घोषणेवर विसंबून पीकपद्धती बदलू नये. लागवड वाढवण्यापूर्वी भाव ठरवण्याची पद्धत, प्रतवारी, वजन कोठे होणार, पैसे किती दिवसांत मिळणार आणि माल नाकारल्यास काय, हे लेखी करारात घ्यावे. हा करार एकट्याने करण्यापेक्षा गट किंवा उत्पादक कंपनीमार्फत करणे फायद्याचे ठरते.

अर्जापूर्वी स्वतःला विचारावयाचे तीन प्रश्न

१. अनुदान मिळालेच नाही तरी युनिट हप्ते फेडू शकेल का?
२. वर्षातील किती महिने कच्चा माल मिळेल? उरलेल्या महिन्यांत त्याच यंत्रावर मिरची, धने असे दुसरे काम होईल का?
३. पहिल्या वर्षीचा माल कोण विकत घेणार, हे ठरले आहे का?

तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तरच पुढे जावे. योजनांची मुदत, उपलब्ध निधी व अटी शासन निर्णयानुसार बदलतात. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी तालुका कृषी अधिकारी कार्यालय, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालय किंवा जिल्हा उद्योग केंद्रात चालू तरतुदींची खात्री करून घ्यावी.