सामाजिक-भावनिक शिक्षण : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा

आपल्या भावना ओळखणे, राग आवरणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, भांडण बोलून मिटवणे ही कौशल्ये शाळेत जाणीवपूर्वक शिकवण्याची पद्धती. महाराष्ट्रातील शाळांत श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता अशी दहा मूल्ये परिपाठात आधीपासून होती. पण मूल्य पाठ होणे आणि वागण्यात उतरणे यांत मोठे अंतर असते. पुण्याच्या शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील सुमारे ५०० शाळांत सुरू केलेल्या ‘मूल्यवर्धन’ उपक्रमाने हे अंतर हेरले. तो पुढे शासनाच्या साथीने राज्यभर गेला. त्याचा भर उपदेशावर नसून जोडीचर्चा व गटकामावर आहे. ‘राग आला की तू काय करतोस?’ असे शेजारच्याला विचारायचे आणि वर्गाला स्वतःचे उत्तर न सांगता त्याचे सांगायचे, अशी जोडीचर्चा घेतली की मुलाला नीट ऐकावेच लागते.

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या पट्ट्यात अशा शिक्षणाची गरज तीव्र आहे. १९६० च्या दशकापासून एमआयडीसीने पिंपरी-चिंचवड आणि पुढे चाकण घडवले. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून कुटुंबे आली. वर्ष अर्ध्यावर असताना दाखल झालेल्या हिंदी भाषक मुलाला मराठी वर्गात आधी सोबती हवा असतो, धडा नंतर. ‘संस्कार हे घराचे काम’ हा आक्षेप इथे टिकत नाही. दिवसपाळी-रातपाळीच्या फेऱ्यात आईवडील आणि मूल एकाच वेळी जागे असतीलच असे नाही. यात पालकांचा दोष मुळीच नाही. शिवाय अनोळखी मुलांत वावरायचा सराव वर्गातच होतो.

गणित-वाचनाचा वेळ जातो, हा आक्षेप अधिक वजनदार. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा २१३ सामाजिक-भावनिक शिक्षण उपक्रमांच्या एकत्रित अभ्यासात (सुमारे २.७ लाख विद्यार्थी) अभ्यासातील प्रगतीही सरासरी ११ शतमक गुणांनी वाढलेली दिसली. मात्र हे पुरावे मुख्यतः अमेरिकेतले. आणि २०२२ मध्ये आठ हजारांवर ब्रिटिश विद्यार्थ्यांवरील प्रयोगात वर्गात शिकवलेल्या सजगतेच्या (माइंडफुलनेस) तासांचा मानसिक आरोग्याला फायदा आढळला नाही. म्हणून वेळापत्रकात आणखी एक तास घालणे पुरेसे नाही. भाषेच्या, गणिताच्या तासातच जोडीकाम हवे आणि त्यासाठी शिक्षकाला अशैक्षणिक कामांतून मोकळीक हवी. ती द्यायची जबाबदारी शासनाची व महापालिकेची आहे.