उष्णतोपचार, मेंदूतील अर्बुदांवरील

मेंदूतील अर्बुदाच्या पेशी स्थानिक उष्णता देऊन दुबळ्या वा नष्ट करण्याची उपचारपद्धती. तीव्र तापानंतर अर्बुद आक्रसल्याची नोंद जर्मन शल्यविशारद बुश यांनी १८६६ मध्ये केली. चुंबकीय कण तापवून पाहण्याचा प्रयोग गिलख्रिस्ट यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला.

सुमारे ४१° ते ४६° से. तापमानाला पेशीतील प्रथिनांची रचना बिघडते आणि प्रारणाने तुटलेला डीएनए नीट सांधला जात नाही. म्हणून ही पद्धती मुख्यतः प्रारणोपचाराला (→ प्रारण चिकित्सा) जोड म्हणून वापरतात. लोह ऑक्साइडचे अब्जांशी कण (→ अब्जांश तंत्रज्ञान) अर्बुदात टोचून बाहेरून प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्र लावले, की ते तापतात. या क्षेत्रात धातूही तापत असल्याने त्याच्या आवाक्यातील दातांमधील धातूचे भरावही आधी काढावे लागतात. कण तेथेच राहिल्याने त्या भागाचे एमआरआय चित्रण पुढे बिघडते, ही मोठी अडचण होय. दुसऱ्या, लेसर पद्धतीत प्रकाशीय तंतूने ऊतक तापवतात.

चुंबकीय कणांच्या पद्धतीवरील जर्मनीतील अभ्यासात (२०११) उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या (मेंदूतील एका घातक अर्बुदाच्या) ५९ रुग्णांचा, रोग उलटल्यापासूनचा मध्यक जीवितकाल १३.४ महिने आढळला; तुलनागट नसल्याने हा आकडा जपूनच वाचावा. महाराष्ट्रात पवईच्या आयआयटी मुंबईत धीरेंद्र बहादूर यांच्या गटाकडून, तसेच कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात अशा चुंबकीय कणांवर संशोधन झाले आहे (→ कर्करोग, मेंदू).