चकवा, गाठ आणि पाणी

रात्रीचं दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी सोडायला, गेलेला माणूस उसात वाट चुकतो, हे आमच्या पिंपळी गावाच्या बाहेर कुणाला सांगून पटत नाही. डोक्याच्या वर दोन हात गेलेला ऊस, सारख्याला सारख्या सऱ्या आणि आभाळ भरलेलं. सरळ चाललोय असं वाटत असतं आणि पाय पुन्हा त्याच बांधाला लागतात. याला आपल्याकडे चकवा लागणं म्हणतात. आमच्या घरातली जुनी माणसं सांगत, चकवा लागला की चालू नये. तांबडं फुटेपर्यंत बसून राहावं. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात चालवून पाहिलं. सूर्य-चंद्र दिसेनासे झाले की माणसं खरोखर गोल फिरत होती, आणि आपण नाकासमोर चाललोय अशी त्यांची खात्री होती. म्हणजे म्हाताऱ्यांचा सल्ला रास्त होता. खूण नसेल तर चालणं व्यर्थ.

कोड्यातून वाट काढायच्या रीतींची कुळकथा या खुणेपासूनच सुरू होते. ग्रीक कथेत थीसिअस सुताचा गुंडा सोडत आत जातो आणि त्याच सुताला धरून बाहेर येतो. आपल्याकडे अभिमन्यू आहे. पण चक्रव्यूह म्हणून जी आकृती परंपरेने काढतात आणि जी हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर कोरलेली आहे, ती बोटाने गिरवून पाहा. तिच्यात फाटा एकही नाही. एकच वाट वळसे घेत मध्यावर पोहोचते, म्हणजे तिथे हरवता येतच नाही. सोलापूरजवळच्या बोरामणीच्या माळावर दगड मांडून केलेलं पंधरा फेऱ्यांचं चक्र आहे, त्याची बातमी २०२५ च्या अखेरीस आली. तेही याच घराण्यातलं. अशा चक्रात पाय दुखतील, पण वाट चुकणार नाही. मग अभिमन्यू अडकला कसा? महाभारतात पांडवांना जयद्रथाने तोंडाशीच अडवलं आणि अभिमन्यू आत एकटा पडला. आमच्या आत्याबाईंनी गोष्ट सांगताना त्याला बाहेरची वाट ठाऊक नव्हती एवढंच सांगितलं. मला मात्र मागून येणारं कुणी नव्हतं, हेच त्यातलं खरं दुःख वाटतं.

खरा पेच फाटा फुटला की सुरू होतो. त्यातून सुटायची सगळ्यात साधी रीत म्हणजे उजवा हात भिंतीला लावायचा आणि तो न उचलता चालत राहायचं. सगळ्या भिंती बाहेरच्या कुंपणाला जोडलेल्या असतील, तर दार सापडतंच. पण मधे एखादी सुटी भिंत असेल आणि हात नेमका तिला लागला, तर देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे आपण तिच्याभोवतीच फिरत राहतो. चकव्याचीच गत.

त्यावरचा पक्का इलाज फ्रान्समधल्या त्रेमो यांनी सांगितला. गणितज्ञ एदुआर ल्यूका यांनी तो १८८२ साली आपल्या गणिती करमणुकीच्या पुस्तकात छापला. मी तो उसाच्या रानात सांगतो. ज्या सरीतून जाल तिच्या दोन्ही तोंडांना पाचटाची एकेक गाठ मारा. नव्या चौकात आलात तर कोणतीही बिनगाठीची सरी धरा. नव्या सरीतून जुन्याच चौकात आलात, किंवा सरी पुढे बंद निघाली, तर मागे फिरा. परतताना दुसरी गाठ पडेल. परतून चौकात आल्यावर बिनगाठीची सरी असेल तर ती घ्या, नसेल तर एका गाठीची. दोन गाठींच्या सरीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. एवढंच पाळलं तर रान कितीही गुंतागुंतीचं असो, माणूस बाहेर पडतो. नकाशा लागत नाही, वरून बघणारा लागत नाही. माणसाने शोधलेल्या रीतींमध्ये ही मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती अंधारात उभ्या असलेल्या माणसाची आहे.

मात्र ही वाट सर्वांत जवळची असेलच असं नाही. त्यासाठी १९५७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या एडवर्ड मूर यांनी जी रीत मांडली, ती आमच्या दारं धरणाऱ्याला लगेच कळेल. रान सपाट धरा आणि दंडाचं पाणी सगळ्या सऱ्यांत एकाच वेगाने सुटलं असं समजा. कोड्याच्या चौकटीत सुरुवातीच्या घराला शून्य, शेजारच्यांना एक, त्यांच्या शेजारच्यांना दोन, असे आकडे घालत जायचं. पाणी शेवटच्या टोकाला पोहोचलं की तिथून उलटं, एकेक आकडा कमी करत यायचं. तीच जवळची वाट. चार वर्षांनी सी. वाय. ली यांनी हीच रीत विजेच्या सर्किटपट्टीवर तारांची वाट आखायला वापरली.

त्याच प्रयोगशाळेत क्लॉड शॅनन यांनी १९५० साली थीसिअस नावाचा खेळण्यातला उंदीर केला होता. पंचवीस घरांच्या चौकटीत तो धडपडत वाट काढी आणि दुसऱ्यांदा सोडला की न चुकता जाई. त्याची आठवण उंदरात नव्हतीच; ती जमिनीखालच्या टेलिफोनच्या रिलेंमध्ये होती आणि खालून एक लोहचुंबक त्याला ओढत होतं. पुढे स्वतःचा मेंदू पाठीवर घेऊन धावणाऱ्या उंदरांच्या स्पर्धा सुरू झाल्या. १९७९ मध्ये न्यूयॉर्कला झालेली पहिली स्पर्धा जिंकली ती भिंत धरून वेगाने पळणाऱ्या, विचार न करणाऱ्या यंत्राने. म्हणून नंतर लक्ष्य चौकटीच्या मधोमध नेलं. तिथे भिंत धरून पोहोचता येऊ नये अशी रचना केली. सोळा बाय सोळा घरांच्या त्या चौकटीत आजचे उंदीर पाण्याचीच रीत वापरतात. नवी भिंत दिसली की आकडे पुन्हा मांडतात.

कागदावर वरून बघणाऱ्याला मात्र याहून सोपी रीत आहे. रविवारच्या पुरवणीत सशाला गाजरापर्यंत न्यायचं कोडं आलं, तर मुलाच्या हाती पेन्सिल द्या आणि वाट शोधू नकोस म्हणून सांगा. तिन्ही बाजूंनी बंद असलेलं टोक दिसलं की ते फाट्यापर्यंत काळं करायचं. मग नवी बंद टोकं तयार होतील, तीही भरायची. वाटा कुठे एकमेकींना मिळून गोल होत नसतील, तर शेवटी एकच वाट पांढरी राहते. करून बघा.