भाकरी, छप्पर आणि विचारपूस : विद्यार्थी-साहाय्याची सव्वाशे वर्षे



शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण शाळांच्या इमारती, निकालाचे आकडे आणि देणगीदारांची नावे आवर्जून नमूद करतो. परंतु परगावी शिकावयास गेलेला विद्यार्थी राहिला कोठे, जेवला कोणाकडे आणि तापाने फणफणला तेव्हा त्याच्या उशाशी कोण बसले, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. वस्तुतः गरिबाच्या मुलाचे शिक्षण पुष्कळदा फीपाशी अडत नाही; ते घर आणि कॉलेज यांमधल्या अंतरापाशी अडते. हे अंतर आपल्या प्रांतात कोणी व कसे कमी केले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम आपल्या जिल्ह्याकडे पाहा. मुंबई-नागपूर लोहमार्ग घाटाखालून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जातो आणि जलंबहून एक फाटा खामगावला येतो. घाटावरील चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या गावांना मात्र रेल्वे लाभली नाही. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले आणि त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले. म्हणजे त्या काळी मेहकरच्या मुलाला कॉलेज शिकावयाचे तर आधी घाट उतरणे, मग गाडी गाठणे आणि परक्या शहरात आसरा शोधणे भाग होते. ज्याचे शहरात नातेवाईक असत, तो शिके. ज्याचे नसत, तो घरी राही. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले, बुलढाणा जिल्हा त्यात समाविष्ट झाला आणि विद्यापीठ काहीसे जवळ आले. परंतु मुक्कामाचा प्रश्न तसाच राहिला.

या प्रश्नाचे मर्म प्रथम ओळखले ते कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी. खेड्यातील मुलगा शाळेत यावयाचा असेल तर शाळेआधी त्याला निवारा दिला पाहिजे, हे जाणून १९०१ मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. पुढे जैन, लिंगायत आदी समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची गोष्ट ही की, १९०६ मध्ये कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले आणि मुस्लिम बोर्डिंगला राज्याचा आधार दिला. मुसलमानांच्या शिक्षणाची चिंता केवळ मुसलमानांनीच करावी, असे त्या राजाला वाटले नाही.

याच कोल्हापुरात भाऊराव पाटील विद्यार्थी म्हणून राहिले. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना आपल्या वसतिगृहातील जागा गमवावी लागली. बिऱ्हाड सुटणे म्हणजे काय हे ज्याने स्वतः अनुभवले, त्याने पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छपराखाली व एका पंक्तीत आणले. मुलांच्या जेवणाची अडचण पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना याच घरातली. त्यात मुलाच्या हाताला काम होते, आणि त्याला कोणाचे उपकार घेतल्याची लाज नव्हती.

आपल्या वऱ्हाडात हेच कार्य डॉ. पंजाबराव देशमुखांनी केले. विलायतेहून परतल्यावर त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले आणि तेथे जातिभेद न मानता शेतकऱ्यांच्या मुलांना ठेवले. आज त्यांच्याच नावाने राज्य शासनाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना चालते, हे सर्वथा उचित आहे.

शासकीय मदतीचा ओघ मागाहून आला. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे प्रयत्न होते. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत, १९५९ मध्ये, आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फीमाफी मिळाली. ई.बी.सी. हे शब्द घरोघरी पोचले ते तेव्हापासून. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. त्यानंतर केंद्राने देशातील ज्या ९० अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांसाठी विशेष कार्यक्रम आखला, त्यांत आपला बुलढाणा जिल्हा होता. २०२४ पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र घरांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क पूर्ण माफ झाले. उलट, संशोधक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२ साली बंद केली. योजना येतात तशा जातातही. म्हणून समाजाने सर्वस्वी त्यांच्यावर विसंबून राहू नये.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळू. पूर्वी मदत माणसाच्या हातून मिळत असे. आज ती महाडीबीटीमार्फत बँकेच्या खात्यात जमा होते. यात मध्यस्थ गेला, हे चांगलेच झाले. पण ‘जेवलास का रे?’ असे विचारणारा माणूसही गेला. नापास झालेला, घरची कर्जबाजारी शेती आठवून रात्रभर जागा राहणारा, भाड्याच्या खोलीत एकटा असलेला मुलगा कोणाजवळ बोलणार? १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. मनाच्या त्रासासाठी ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहे. विद्यापीठांत विद्यार्थी विकास विभाग आहेत. हे सर्व आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? आणि ‘मला बरे वाटत नाही’ असे मुलगा म्हणाला, तर आपण त्याला वेड्यात तर काढणार नाही ना?

मुलींचा प्रश्न याहून बिकट आहे. बारावीला चांगले गुण मिळविलेल्या मुलीचा बाप म्हणतो, ‘फी माफ झाली हे खरे, पण बेटीला ठेवू कोणाच्या भरवशावर?’ या बापाला मागासलेला म्हणून हिणवणे सोपे आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड. कोल्हापूर, सातारा आणि अमरावती येथील इतिहासाने हे उत्तर दिलेले आहे : सुरक्षित निवारा, दोन वेळचे साधे अन्न आणि देखरेखीस एक जबाबदार, मायाळू माणूस.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकास वसतिगृह बांधणे शक्य नाही. परंतु तालुक्याच्या गावी ज्याचे घर आहे, त्याने एका विद्यार्थ्याचा डबा पत्करावा. ज्यास कागदपत्रांची माहिती आहे, त्याने मुदतीपूर्वी दहा मुलांचे अर्ज भरून द्यावेत. सेवानिवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी आठवड्यातून एकदा मुलामुलींच्या खोलीवर जाऊन नुसती विचारपूस करावी. यास ठरावाची वा निधीची गरज नाही. गरज आहे ती हे आपले काम आहे असे मानण्याची.