‘यष्टी’ : एक वाहन आणि एक शब्द

जुन्या प्रवासी मोटारगाड्यांविषयीचे ममत्व सामान्यतः त्यांच्या यंत्रावर व बांधणीवर जडलेले असते. महाराष्ट्रातील एस्. टी.विषयीचे ममत्व मात्र मुख्यतः शब्दाने जपले आहे.

मुंबई सरकारच्या परिवहन सेवेची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. ती बेडफर्ड बनावटीची असून तिचा सांगाडा लाकडी व बैठकी काथ्याच्या होत्या. ‘स्टेट ट्रान्स्पोर्ट’ ही संज्ञा वस्तुतः संस्थेची. परंतु तिची आद्याक्षरे मराठीत वाहनवाचक झाली आणि ‘गाडी’च्या अनुरोधाने स्त्रीलिंगी ठरली. ‘एक’चे ‘येक’ करणाऱ्या बोलींनी त्यांचे ‘यष्टी’ केले. काठी या अर्थाच्या संस्कृत ‘यष्टि’शी या रूपाचे साम्य केवळ योगायोगाचे होय.

पुढे लाकडाची जागा धातूने घेतली. १९६१ मध्ये महामंडळास महाराष्ट्राचे नाव मिळाले. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर विजेवर चालणारी ‘शिवाई’ धावली, तर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. शब्द तेवढा टिकला.

तथापि, या सातत्यास दुसरी बाजूही आहे. नाव तेच राहिल्याने जुनी गाडी नाहीशी झाल्याची जाणीव बोथट होते. शब्द उच्चाराचा इतिहास सांगतो; काथ्याच्या बैठकीचा स्पर्श किंवा लाकडी सांगाड्याची करकर तो सांगू शकत नाही. म्हणून जुन्या गाड्यांच्या जतनाचे कार्य केवळ भाषेवर सोपविता येणार नाही.