एकतीस दातांची तारीख

तारखेच्या घड्याळांच्या घराण्यात अवघड शाखा बरीच जुनी आहे. लंडनच्या थॉमस मज यानं १७६२ च्या सुमारास खिशातल्या घड्याळात असं कॅलेंडर बसवलं, की लीप वर्षसुद्धा ते आपलं आपण सांभाळी. मनगटावर ही करामत पाटेक फिलिपनं १९२५ मध्ये आणली. ऑटोमॅटिक घड्याळाच्या खिडकीत तारीख दिसू लागली ती १९४५ मध्ये, रोलेक्सच्या डेटजस्टमुळे.

आपल्याकडे मात्र तारीख-वार म्हटलं की एचएमटी आठवतं. जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं १९६१ मध्ये बंगळुरात सुरू झालेल्या या कारखान्याची घड्याळं लोणावळा, तळेगाव, वडगावच्या घरांत लग्नाचा आहेर म्हणून आली आणि पुढे मुलांच्या मनगटावर गेली. त्यांच्या तबकडीखाली तारखेचं ३१ दातांचं कडं असतं. तासकाट्याच्या चाकाला जोडलेलं दुसरं चाक चोवीस तासांत एक फेरा घेतं, आणि त्याचं बोट मध्यरात्रीच्या सुमारास कड्याचा एक दात पुढे ढकलतं. कडं घसरू नये म्हणून स्प्रिंगचा खटका त्याला धरून ठेवतो. वार हिंदी-इंग्रजी अशा दोन भाषांत असला तर वाराच्या चकतीला चौदा घरं लागतात आणि ती रोज दोन घरं सरकते. म्हणून बारानंतर थोडा वेळ दुसऱ्या भाषेतला वार डोकावतो. रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान चावी ओढून तारीख बदलू नका, असं घड्याळवाले बजावतात ते खरंच आहे. त्या वेळी बोट दातात गुंतलेलं असतं; जोर केला तर दात तुटतो.

या कड्याला प्रत्येक महिना ३१ दिवसांचाच वाटतो, म्हणून वर्षातून पाचदा तारीख हातानं पुढे न्यावी लागते. १९९६ मध्ये आलेल्या वार्षिक कॅलेंडरला तीस-एकतीस कळतं; फक्त फेब्रुवारी संपताना हात लावावा लागतो. लीप वर्षही सांभाळणाऱ्या चिरंतन कॅलेंडरमध्ये चार वर्षांत एकदा फिरणारी, ४८ महिन्यांची खाचांची चकती असते. तिच्या काठावर एक दांडी टेकलेली असते. ३० दिवसांच्या महिन्याला उथळ खाच, २८ च्या फेब्रुवारीला सर्वांत खोल, २९ च्या फेब्रुवारीला तिच्याहून किंचित कमी. दांडी जितकी खोल जाईल तितके दिवस महिनाअखेर गाळले जातात. महिन्यांची लांबी धातूत कोरून ठेवण्याची ही युक्ती मला या सगळ्या घराण्यात सर्वांत सुंदर वाटते. तरी २१०० साली तीही चुकेल, कारण ते लीप वर्ष नाही.

हे झालं इंग्रजी तारखेचं. पण कार्ल्याच्या एकवीरा देवीची यात्रा तिथीवर चालते, चैत्र शुद्ध सप्तमीच्या सुमारास, आणि तिथीपुढे ही चकती थकते. चंद्रकला दाखवणाऱ्या घड्याळात बहुधा ५९ दातांची, दोन चंद्र रंगवलेली चकती असते. ती महिना साडेएकोणतीस दिवसांचा धरते, त्यामुळे सुमारे अडीच वर्षांत एक दिवस चुकते. तिथी तर कधी १९ तासांत संपते, कधी २६ तास चालते. म्हणून एखादीचा क्षय होतो, एखादीची वृद्धी. शिवाय अधिक महिना. २०२३ मध्ये पाडवा २२ मार्चला होता. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला गेला, २०२५ मध्ये पुन्हा ३० मार्चला आला. त्यामुळे एकवीरेच्या गडावर निघणारी कोळी-आगरी मंडळी पालखीचा दिवस पंचांगातच पाहतात.