लाल नाक आणि चौकोनी चाकं

ऑनसाइटला असताना डिसेंबरातला एक वीकएंड ताईकडे एडिसनला काढला होता. बाहेर बर्फ, आत साबुदाण्याची खिचडी आणि टीव्हीवर 'रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर'. अमेरिकेत हा कार्टूनपट दरवर्षी नाताळच्या आधी लागतोच, आपल्याकडे सुट्ट्यांत सिनेमाच्या चॅनेलवर 'अशी ही बनवाबनवी' लागतो तसा. माझी भाची सहा वर्षांची. ती डोळ्यांची पापणी न हलवता बघत होती आणि मी मोबाईलवर मेल बघत होतो. शेवटी नावं पडायला लागली तेव्हा तिने मला कोपराने ढोसलं.

"मामा, त्या पक्ष्याला छत्री का नाही दिली?"

मला प्रश्नच कळला नाही. मग तिने समजावून सांगितला आणि माझे पुढचे तीन वीकएंड त्यात गेले. छत्रीचं शेवटी सांगतो, आधी सुरुवातीपासून.

गोष्ट सुरू होते शिकागोत, १९३९ साली. माँटगोमेरी वॉर्ड नावाची मोठी दुकानांची साखळी होती. नाताळात मुलांना ते रंगवायची पुस्तकं फुकट वाटायचे, ती बाहेरून विकत घेऊन. त्या वर्षी कोणाच्या तरी डोक्यात आलं की आपणच पुस्तिका छापू, पैसे वाचतील. काम आलं जाहिरात विभागातल्या रॉबर्ट मे या कॉपीरायटरकडे. वय चौतिशीच्या आसपास, डोक्यावर कर्ज आणि घरी कॅन्सरने आजारी बायको. लहानपणी हा वर्गात सगळ्यात बारका आणि बुजरा होता. त्याने नायक केला तो कळपाने हिणवलेला, लाल नाकाचा रेनडिअर. साहेबांना नाकाचीच भीती वाटली, कारण लाल नाक म्हणजे दारुड्या! मग मेने चित्रकार मित्राला, डेन्व्हर गिलनला, लिंकन पार्कच्या प्राणिसंग्रहालयात नेलं आणि हरणांची चित्रं काढून घेतली. ती बघून साहेब वितळले.

जुलैमध्ये बायको गेली. हे काम दुसऱ्याकडे देऊ का, असं साहेबांनी विचारलं तर मे नाही म्हणाला. ऑगस्टच्या शेवटी गोष्ट पूर्ण झाली आणि त्याने ती मुलीला आणि सासू-सासऱ्यांना वाचून दाखवली. (दर डिसेंबरला एक फॉरवर्ड फिरतो की मरणाऱ्या बायकोच्या उशाशी बसून बापाने मुलीसाठी ही गोष्ट रचली, आणि दुकानाने नंतर विकत घेतली. छान आहे, पण उलटं आहे. गोष्ट ऑफिसचं काम म्हणूनच लिहिली गेली. मला खरी हकिगत जास्त हलवते. घरी एवढं सगळं चालू असताना माणूस डेडलाइन सांभाळतोय, आणि तेच काम त्याला धरून ठेवतंय.)

त्या नाताळात सुमारे २४ लाख प्रती वाटल्या गेल्या. मेला मिळाला फक्त पगार, कारण हक्क कंपनीचे. आपण जॉइन होताना जो कागद न वाचता सही करतो तसलाच काहीतरी प्रकार. पण १९४७ मध्ये कंपनीचा प्रमुख स्यूएल एव्हरी याने सगळे हक्क मेच्या नावावर करून दिले. एव्हरी एरवी प्रेमळ म्हणून प्रसिद्ध नव्हता. युद्धकाळात सरकारशी भांडला म्हणून सैनिकांनी त्याला खुर्चीसकट उचलून ऑफिसबाहेर आणला होता, त्याचा फोटो फार गाजला होता! हा माणूस असं का वागला असेल, यावर मी बराच विचार केला. असो. मेचं कर्ज फिटलं.

मेचा मेहुणा जॉनी मार्क्स गीतकार होता. त्याने यावर गाणं केलं, १९४९ मध्ये जीन ऑट्रीने गायलं आणि ते देशभर वाजलं. आता आपण मुख्य मुद्द्याकडे येतो.

न्यूयॉर्कमध्ये आर्थर रँकिन आणि ज्यूल्स बास यांची व्हिडिओक्राफ्ट नावाची छोटी कंपनी होती. त्यांना या गाण्यावर तासाभराचा संगीतमय बाहुलीपट करायचा होता. प्रायोजक जनरल इलेक्ट्रिक, चॅनेल एनबीसी. आणि काम कसं केलं बघा. पटकथा न्यूयॉर्कमध्ये रोमिओ म्युलरने लिहिली. आवाज टोरांटोत रेकॉर्ड झाले, कारण तिथे रेडिओ नाटकातले कसलेले नट होते आणि ते स्वस्तही पडायचे. आणि प्रत्यक्ष ॲनिमेशन टोकियोत. म्हणजे १९६४ मध्येच हे लोक ऑफशोअर डिलिव्हरी मॉडेल चालवत होते, तेही ईमेलशिवाय. आपण रात्री साडेनऊचा कॉल लागला की तोंड वाकडं करतो!

टोकियोतला माणूस होता तादाहितो मोचिनागा. याच्यावर खरं तर वेगळा लेख व्हावा. जन्म १९१९ चा, लहानपणाचा बराच काळ मांचुरियात. युद्धकाळात जपानमध्ये ॲनिमेशन शिकला, १९४५ मध्ये पुन्हा मांचुरियात गेला आणि जपान हरल्यावर तिथेच राहिला. चीनमधला पहिला बाहुलीपट याने केला, १९४७ मध्ये. तिथे त्याचं नावसुद्धा चिनी होतं, फांग मिंग. १९५३ मध्ये परत आला आणि टोकियोत बाहुल्यांचा स्टुडिओ काढला. जपानी म्हणून चीनमध्ये परका, आणि चीनमधून आलेला म्हणून जपानमध्ये थोडा परकाच असणार. (हा माझा तर्क.) या माणसाकडे कोणालाच नको असलेल्या खेळण्यांची गोष्ट यावी, हा योगायोग मला फार आवडतो. हरणं नीट कळावीत म्हणून हा नाराच्या हरणांच्या बागेत गेला होता असं सांगतात. पंचवीस वर्षांपूर्वी शिकागोत जे झालं तेच पुन्हा.

बाहुल्या लाकूड, तार, कापड आणि चामड्याच्या. रुडॉल्फ साधारण सहा इंच, सांता अकरा इंच, त्याची दाढी याकच्या केसांची. हात केसभर हलवायचा, फोटो काढायचा, परत हलवायचा. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर पन्नास मिनिटांच्या ७२ हजार होतात. एकेक पोझ दोनदा टिपली तरी ३६ हजार वेळा बाहुलीला हात लावायचा. मधेच कोणी शिंकलं आणि टेबल हललं की अनडू नाही.

या सगळ्यात म्युलरने मूळ गाण्यात नसलेली एक गोष्ट घातली, नकोशा खेळण्यांचं बेट. रुडॉल्फ घरातून पळतो, सोबत हर्मी नावाचा एल्फ, म्हणजे सांताच्या कारखान्यातला बुटका कारागीर. हर्मीला खेळणी नाही बनवायची, त्याला डेंटिस्ट व्हायचंय. (कॉलेजात मेकॅनिकलला ॲडमिशन घेऊन नाटकात रमलेले चेहरे आठवतात की नाही?) दोघं भटकत त्या बेटावर पोचतात. तिथे चौकोनी चाकांची आगगाडी आहे, अंगभर ठिपके असलेला हत्ती, पाण्यात बुडणारी होडी, शहामृगावर बसलेला काउबॉय, जेली उडवणारी पिचकारी आणि उडता न येणारा, फक्त पोहणारा पक्षी. एक बाहुली आहे, तिच्यात तर काहीच दोष दिसत नाही. ती तिथे का, यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालत होते. पुढे रँकिनकडून खुलासा आला की तिचा त्रास मनाचा आहे, तिला स्वतःबद्दलच बरं वाटत नाही. मला हा खुलासा नसता तरी चाललं असतं.

गंमत म्हणजे बेटाचा राजा रुडॉल्फ आणि हर्मीला कायमचं राहू देत नाही. बेट फक्त खेळण्यांसाठी! नकोशांच्या बेटावरही नकोसे. फक्त एक रात्र रहा, आणि परत गेलात की सांताला आमच्याबद्दल सांगा, एवढंच.

६ डिसेंबर १९६४ ला एनबीसीवर प्रक्षेपण झालं. जाहिरातीसुद्धा त्याच एल्फ बाहुल्यांच्या, जनरल इलेक्ट्रिकची घरगुती उपकरणं विकणाऱ्या. लोकांना आवडलं, पण तक्रारीची पत्रं आली. सांता खेळण्यांची सोय करीन असं म्हणतो, धुकं पडतं, रुडॉल्फचं नाक दिव्यासारखं कामाला येतं, सगळे खूश, गाडी निघते... आणि बेटावरची खेळणी? ती पुन्हा पडद्यावर दिसतच नाहीत. मोठ्यांच्या लक्षात आलं नसेल, मुलांच्या आलं.

मग १९६५ मध्ये पॅच रिलीज झाला. बेटावर खेळणी उदास बसलीत, आता कोणी येत नाही म्हणतात, तेवढ्यात घुंगरं वाजतात आणि सांता येतो, असा नवा प्रसंग शूट केला. पण वेळ तेवढाच, म्हणून दुसरं काहीतरी कापावं लागलं. सोन्याचांदीच्या शोधात फिरणारा युकॉन कॉर्नेलियस सिनेमाभर कुदळ हवेत फेकून तिचं टोक चाटत असतो. त्याला खरं तर पेपरमिंटची खाण हवी असते, आणि ती सापडते तो शेवटचा प्रसंग कात्रीत गेला. पुढे अनेक वर्षं लोक समजत राहिले की हा माणूस चव घेऊन सोनं ओळखतो. रिग्रेशन टेस्टिंग न केल्याचं यापेक्षा सुंदर उदाहरण मी पाहिलेलं नाही. शिवाय पाटीवरचं सालसुद्धा चुकलंय. रोमन आकड्यांत एक एम राहिला, त्यामुळे कॉपीराइट १९६४ ऐवजी ११६४ चा. बाराव्या शतकातला ॲनिमेशनपट!

इथे एक कबुली देतो. या सिनेमावर एक जुना आक्षेप आहे आणि मला तो पटतो. रुडॉल्फचा बाप त्याचं नाक झाकतो, कळप हसतो, खुद्द सांताही नाक मुरडतो. आणि सगळे त्याला आपला मानतात कधी, तर धुक्यात नाकाचा उपयोग होतो तेव्हा. धुकं पडलं नसतं तर?

मी मराठी मीडियमचा. पहिल्या नोकरीत कॉलवर माझे उच्चार ऐकून टीममधले दोघे म्यूट करून हसायचे. म्यूट एकदा राहून गेलं, म्हणून मला कळलं. पुढे सहा महिने बेंचवर होतो, जेवायला एकटा. मग एका रात्री क्लायंटची जुनी सिस्टिम बसली. ज्या भाषेत ती लिहिली होती ती कोणालाच येत नव्हती, मला येत होती, कारण बेंचवर वेळ जावा म्हणून मी तिचं पुस्तक वाचलं होतं. पहाटे चारला ती चालू झाली. दुसऱ्या दिवशीपासून मला जेवायला बोलवायला लागले, त्या दोघांपैकी एक तर हटकून. मी गेलो, हसलोही. पण पोळीचा घास घेताना दरवेळी वाटायचं, की ती सिस्टिम बसली नसती तर हा माझ्याशी बोलला असता का? म्हणून मला रुडॉल्फपेक्षा ती बेटावरची मंडळी जवळची वाटतात. चौकोनी चाकांचा कोणालाच कधी उपयोग होणार नाही. १९६५ च्या पॅचमध्ये सांता त्यांना तरीही घेऊन जातो, आणि ते त्या पत्रं लिहिणाऱ्यांमुळे.

या विषयावर नंतरही सिनेमे झाले. २०१९ मध्ये 'अग्लीडॉल्स' आला, पूर्ण संगणकावर केलेला, मोठमोठ्या गायकांचे आवाज, विषय तोच, की ओबडधोबड बाहुल्यांनीही मान खाली घालू नये. चालला नाही. त्या सिनेमामागच्या खऱ्या बाहुलीची गोष्ट मात्र सिनेमापेक्षा गोड आहे. डेव्हिड हॉर्वाथ कोरियाला परत गेलेल्या मैत्रिणीला, सन-मिन किमला, पत्रं लिहायचा आणि पत्रात एक वेडंवाकडं चित्र काढायचा. तिने त्या चित्राची कापडी बाहुली शिवून त्याला पाठवली. पुढे दोघांनी लग्न केलं.

मूळ सिनेमाच्या बहुतेक बाहुल्या गेल्या. रुडॉल्फ आणि सांता तेवढे उरले, कारण कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याने ते घरी नेले आणि दर नाताळात झाडाखाली मांडले. माळ्यावरून परत बाहेर आले तेव्हा सांताची अर्धी मिशी गायब होती आणि रुडॉल्फचं नेमकं नाकच! नवीन बसवलं. २०२० च्या लिलावात जोडीला ३ लाख ६८ हजार डॉलर मिळाले, आणि घेणाऱ्याने ती अटलांटाच्या बाहुल्यांच्या संग्रहालयाला देऊन टाकली.

आता छत्री. पहिल्या वर्षी शेवटी नावं पडताना एल्फ गाडीतून भेटींची खोकी खाली टाकत होता आणि खोक्यांवर कलाकारांची नावं होती. १९६५ मध्ये हेही बदललं. आता तो बेटावरची खेळणी एकेक करून खाली सोडतो, प्रत्येकाच्या हातात छत्री, पॅराशूटसारखी. हत्तीला देतो, आगगाडीला देतो. मग पक्ष्याची पाळी येते. एल्फ छत्री पुढे करतो, पक्षी मान हलवल्यासारखं करतो, एल्फच्या लक्षात येतं की अरे हा तर पक्षी, याला कशाला छत्री, आणि त्याला तसाच गाडीबाहेर ढकलतो.

तो पक्षी उडत नाही. पोहतो. म्हणूनच तर तो त्या बेटावर होता.

हे सगळं वाचून झाल्यावर मी ताईला फोन केला आणि भाचीला बोलावलं. म्हटलं, तुझं बरोबर होतं, ती त्यांची चूक आहे, साठ वर्षांत कोणी दुरुस्त केली नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "खाली तळं असेल ना, मामा?"

म्हटलं, असेल.

"मग ठीकाय," म्हणाली आणि फोन ताईकडे दिला.